सनद साडेसातशेत, अर्ज चार हजारांत

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे, म्हणजे क्लॅटचे, अर्ज जुलै-ऑगस्टात निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतात. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात हे दिवस खताचे, फवारणीचे, निंदणाचे. सोयाबीन वावरात उभं असतं, कपाशी पात्या-बोंडांवर असते आणि घरात होता नव्हता तो पैसा मातीत गेलेला असतो. अशा दिवसांत घरातलं पोरगं म्हणतं, ‘यंदा पुन्हा फॉर्म भरायचा आहे, चार हजार लागतील.’ त्यातल्या ‘पुन्हा’ या शब्दाशी सारं घर अडतं. पहिल्या वर्षी बापानं कुणाकडून तरी हातउसने आणलेले असतात. दुसऱ्या वर्षी त्याच दारी जायचं, तर गेल्या वर्षी काय झालं हे आधी सांगावं लागतं.

या लेखाचा विषय तो दुसरा अर्ज आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी पुन्हा प्रयत्न करणाऱ्याला अर्जाच्या फीमध्ये काही सूट मिळते का, मिळत नसेल तर का, आणि ती कशी देता येईल? आपल्याकडची मुलं ज्या चार परीक्षांचा विचार करतात, त्यांपैकी एकीतही ‘हा उमेदवार दुसऱ्यांदा आला आहे’ या कारणासाठी एक रुपयाही कमी होत नाही. यंदाचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत, भरलेली फी परत मिळत नाही, आणि नव्या वर्षी सगळा हिशेब शून्यापासून सुरू होतो.

तो हिशेब एकदा मांडू. क्लॅटची फी ४,००० रुपये. अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी ३,५००. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आयलेट ही स्वतःची वेगळी परीक्षा घेतं, तिची फी अलीकडच्या वर्षांत ३,५०० राहिली आहे. पुणे आणि नागपूरच्या खासगी सिंबायोसिस विधी महाविद्यालयांसाठी स्लॅट द्यावी लागते. तिचे २,२५० आणि शिवाय प्रत्येक अभ्यासक्रमामागे १,०००. राज्य सीईटी कक्षाच्या विधी सीईटीचे खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गांना ८००. खुल्या प्रवर्गातल्या मुलानं चारही अर्ज भरले आणि स्लॅटमध्ये एकच अभ्यासक्रम निवडला, तर एका वर्षाचे ११,७५० झाले. दोन वर्षांचे २३,५००. यात परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास नाही, पुस्तकं नाहीत, शिकवणी नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे जवळपास तीन क्विंटल कापूस नुसत्या अर्जांत गेला. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू एकरात किती कापूस होतो आणि त्यातून खर्च वजा जाता किती उरतो, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको. वेचणीला जाणाऱ्या बाईला किलोमागे दहा रुपये मिळतात असं धरलं, तर क्लॅटच्या एका फॉर्मसाठी तिला चारशे किलो कापूस वेचावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, की तेल्हाऱ्याच्या मुलानं क्लॅट कशाला द्यावी? सीईटी द्यावी, अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या विधी महाविद्यालयात शिकावं. बहुतेक मुलं तेच करतात आणि त्यात काही उणं नाही. तालुक्याच्या कोर्टात उभे राहणारे वकील याच महाविद्यालयांतून आले. सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही असते, हा तिचा मोठा गुण. पण कोणत्या मुलानं कुठं शिकायचं हे फीच्या आकड्यानं ठरू नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठं राज्यांच्या कायद्यांनी उभी राहिलेली सार्वजनिक विद्यापीठं आहेत. त्यांतलं एक २०१६ पासून आपल्या नागपुरात आहे.

दुसरा प्रयत्न करावा लागण्यात मुलाचा दोषही फारसा नसतो. डिसेंबर २०२२ पासून क्लॅट डिसेंबरात होते, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. परीक्षा पूर्णपणे इंग्रजीत. लांब उतारे वाचायचे आणि त्यांवर तर्क लावायचा. मराठी किंवा सेमी माध्यमात शिकलेल्या मुलाला या परीक्षेचं नावच बारावीत कळतं. अकोल्यात नीट आणि जेईईचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, कायद्याची वाट दाखवणारं मात्र कुणी भेटत नाही. अशा मुलाचा पहिला प्रयत्न ओळख करून घेण्यातच जातो, आणि तो खऱ्या अर्थानं परीक्षा देतो ती दुसऱ्या वर्षी. मोठ्या शहरातला मुलगा अकरावीपासून तयारी करून पहिल्याच अर्जात आत जातो. म्हणजे दुसऱ्या अर्जाची फी मुख्यतः उशिरा कळलेल्यांकडून वसूल होते, आणि उशिरा कोणाला कळतं हे तालुक्याच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही.

पुन्हा प्रयत्न करण्याचा हक्क तरी कुठं सहज मिळाला होता? बार कौन्सिलनं पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस अशी वयाची मर्यादा घातली होती, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत देऊन. तिच्यावरून बरेच खटले झाले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. त्यानंतर वयाची अट राहिली नाही, किती वेळा बसायचं याचीही नाही. आता अडवते ती फक्त फी.

आज जी सूट आहे ती कुणासाठी आहे, तेही पाहू. क्लॅटची सवलत पाचशे रुपयांची. आयलेटनं अधिक मोकळा हात ठेवला आहे. तिथं अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना अलीकडे १,५०० रुपये होते, आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या दारिद्र्यरेषेखालच्यांना पूर्ण माफी होती. कायद्याच्या प्रवेश परीक्षांत पूर्ण माफीचं हे मला माहीत असलेलं एकच ठळक उदाहरण.

दारिद्र्यरेषेखालचा म्हणजे कोण, या प्रश्नापाशी मात्र मोठी गोम आहे. आपल्या ग्रामीण भागातली दारिद्र्यरेषेची यादी २००२ च्या सर्वेक्षणावर उभी आहे. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा त्या वेळी जन्मालाही आलेला नव्हता. त्याच्या आजोबांचं नाव त्या यादीत आलं होतं की नाही, यावर आज त्याची फी ठरते. ज्यांचं नाव त्या यादीत आलं नाही, अशा अनेकांच्या हाती केशरी कार्ड आहे. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की याच केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना राज्य सरकारनं स्वतःच गरजू मानलेलं आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत, ज्यांत अमरावती विभागातले सगळे येतात, २०१५ पासून केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य मिळू लागलं. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत जमा होऊ लागले. ज्या कुटुंबाला जेवणासाठी मदत लागते हे शासन कबूल करतं, तेच कुटुंब परीक्षेच्या अर्जात ‘सर्वसाधारण’ ठरून चार हजार भरतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा चार हजार.

राज्याच्या शिष्यवृत्त्या इथं कामी येत नाहीत, कारण त्या सगळ्या दाराच्या आत आहेत. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अर्धी शिक्षण फी देते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांतल्या आर्थिक मागास, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के शासनानं उचलली. फार चांगला निर्णय. पण यातला एकही पैसा प्रवेश परीक्षेच्या अर्जाला लागत नाही. प्रवेश मिळाल्यावर लाखभराची फी माफ होऊ शकते, प्रवेश मागण्यासाठी लागणारे चार हजार मात्र रोख भरायचे असतात.

कागदांचीही हीच गत. आर्थिक मागास प्रमाणपत्र त्या वर्षापुरतं, उत्पन्नाचा दाखला मुदतीचा, नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपणार. दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला हे सगळं पुन्हा काढावं लागतं. इथं एक खरी सवलत आहे आणि ती अनेकांना माहीत नसते: जात, उत्पन्न, रहिवास, नॉन क्रिमिलेअर अशा दाखल्यांसाठी तहसीलमध्ये द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, पाचशेचा स्टॅम्प लागत नाही. महसूलमंत्र्यांनी २०२५ मध्ये ते पुन्हा स्पष्टपणे जाहीर केलं. कुणी स्टॅम्प आणायला सांगितलं, तर हे सांगून बघा.

आता या प्रश्नाचा गाभा. वकिलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सनद घेताना, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात नोंदणीची फी लिहून ठेवलेली आहे: राज्य बार कौन्सिलला ६०० आणि भारतीय बार कौन्सिलला १५०, एकूण ७५०, अनुसूचित जाती-जमातींसाठी एकूण १२५. तरी राज्य बार कौन्सिलं वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजार, वीस हजार घेत होती. ओडिशात आकडा ४२,१०० पर्यंत गेला होता. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठानं हे बेकायदा ठरवलं. कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असं तर न्यायालयानं सांगितलंच. पण पुढं जाऊन असंही म्हटलं, की नोंदणीच्या वेळी असा भुर्दंड लावणं हे वंचित समाजांतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना व्यवसायाबाहेर ठेवणं आहे आणि ते समानतेच्या हक्काला धरून नाही.

हा निकाल शेवटच्या दाराचा आहे. पहिल्या दाराशी तो पोचलेला नाही, कारण प्रवेश परीक्षेची फी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. त्यामुळं आज स्थिती अशी, की वकील म्हणून नाव नोंदवायला साडेसातशे लागतात आणि वकिली शिकायला मिळेल का हे नुसतं विचारायला चार हजार. शिवाय बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा आहेच. तिचे ३,५००, अनुसूचित जाती-जमातींना २,५००, आणि नापास झाल्यास तेही पुन्हा. नोंदणीच्या फीमुळं गरीब मुलगा बाहेर राहतो हा न्यायालयाचा तर्क मान्य असेल, तर ज्याला अजून पदवीही मिळालेली नाही, कमाई तर दूरच, त्याला हा तर्क दुपटीनं लागू होतो.

खर्च येतो, हे खरं. केंद्रं, प्रश्नपत्रिका, पहारा, वाहतूक हे फुकट होत नाही. पण किती येतो? क्लॅटच्या पदवी परीक्षेला अलीकडे साठ हजारांहून अधिक अर्ज येतात. सगळ्यांनी कमी दरानं, ३,५०० नं भरले असं धरलं तरी ही रक्कम एकवीस कोटींवर जाते. शिवाय निवड होणाऱ्यांकडून समुपदेशनासाठी वेगळे पैसे घेतले जातात आणि उत्तरतालिकेतली चूक दाखवायची तर एका प्रश्नामागे हजार रुपये भरावे लागतात. २०२० च्या सप्टेंबरात बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयानं क्लॅट लांबली म्हणून आपली वेगळी परीक्षा जाहीर केली होती. तिची फी १५० रुपये होती. ती मुख्यतः घरबसल्या द्यायची असल्यानं केंद्रांचा खर्च फारसा नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयानं २१ सप्टेंबर २०२० ला ती परीक्षाच रद्द ठरवली, त्यामुळं दीडशे आणि चार हजार यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरी फीचा आकडा खर्चाकडे बघून ठरतो की उमेदवार किती देऊ शकतो हे बघून, असा प्रश्न त्या दीडशे रुपयांनी उभा केला. क्लॅट घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या समूहानं आपला जमाखर्च परीक्षेनिहाय लोकांसमोर मांडला, तर त्याचं उत्तर मिळेल.

दुसरा आक्षेप नेहमीचा: फी नसली की कुणीही अर्ज भरतं आणि परीक्षेला येत नाही, मग केंद्रं रिकामी, खर्च वाया. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचं उत्तर रेल्वेनं दिलेलं आहे. २०१८ पासून रेल्वे भरती मंडळं ५०० रुपये फी घेतात आणि उमेदवार पहिल्या संगणकीय परीक्षेला हजर राहिला की ४०० परत करतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पसंख्याक, आर्थिक मागास यांच्याकडून २५० घेतात आणि बँकेचं शुल्क वजा करून सगळे परत देतात. जो येतो त्याला पैसे मिळतात, जो येत नाही त्याचे जातात. गांभीर्य तपासायचं तर याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये भरती परीक्षांसाठी एकदाच नोंदणी फी घ्यायची पद्धत आणली, खुल्या प्रवर्गाला ६०० आणि राखीवांना ४००. नंतरच्या अर्जांना पुन्हा फी नाही. वारंवार अर्ज करणाऱ्यासाठी हीच खरी माफी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेची फी तर १०० रुपये आहे, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व अपंगांना तीही नाही. जिल्हाधिकारी व्हायच्या पहिल्या परीक्षेला शंभर आणि वकिलीच्या शाळेत शिरायच्या परीक्षेला चार हजार, हे गणित कुठल्याही कास्तकाराला समजावून सांगता येणार नाही.

अमेरिकेतली पद्धत यापेक्षा वेगळी आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या वऱ्हाडी घरांना तिच्याशी काम पडतं म्हणून दोन शब्द. तिथं लॉ स्कूल अॅडमिशन कौन्सिल ही संस्था परीक्षा घेते आणि विद्यार्थ्याची कागदपत्रं एकत्र करून शाळांना पाठवते. उत्पन्न बघून ती दोन पातळ्यांवर फीमाफी देते, आणि मंजूर झालेली माफी दोन वर्षं चालते. पहिल्या वर्षी प्रवेश हुकला तरी दुसऱ्या वर्षीचा अर्ज त्याच माफीत बसू शकतो. शिवाय शाळेनं आकारायची अर्जफी वेगळी असते. जुन्या उमेदवारानं प्रवेश कार्यालयाला सरळ पत्र लिहून ती माफ करून घेण्याची तिथं रीत आहे. मात्र कौन्सिलची माफी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक अशांपुरती आहे. आईवडिलांच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाला किंवा इथून अर्ज करणाऱ्याला ती मिळत नाही. तिथली दोन वर्षांच्या मुदतीची कल्पना आपण घ्यावी असं मला वाटतं.

अपुरं राहिलेलं शिक्षण पुन्हा येऊन पुरं करायची मुभा किती मोलाची असते, हे आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातून माहीत आहे. १९१६ मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास सोडून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडनमध्ये त्यांना मिळाली होती. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले, आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ती चार वर्षांची मुभा नसती तर? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुखही विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले आणि परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्याच्या पोराला पैशावाचून घरी बसावं लागू नये म्हणून. अमरावतीच्या विधी महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

आज, याच वर्षी अर्ज करायचा आहे त्यानं काय करावं? प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ ही संस्था सुरू केली. गरीब आणि ग्रामीण घरांतल्या मुलांना हेरून राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी तयार करायचं, त्यांचा खर्च उचलायचा, हे तिचं काम. बशीर २०१९ मध्ये गेले, संस्था चालू आहे. विधी विद्यापीठांतले विद्यार्थीच तिचे कार्यकर्ते असतात, त्यांना पत्र लिहावं. आयलेटच्या माफीत बसत असाल तर दारिद्र्यरेषेचा दाखला अर्जाची तारीख यायच्या आधी काढून ठेवावा. आणि सीईटीचा अर्ज कधीही सोडू नये. तो हजाराच्या आत-बाहेर आहे आणि त्यातून खरंच प्रवेश मिळतो.

मागणी कुणाकडे करायची, हेही उघड आहे. सीईटी कक्ष राज्य शासनाचा आहे. आधीच्या वर्षी परीक्षेला हजर राहिलेल्या आणि आठ लाखांच्या आतल्या उमेदवाराची दुसऱ्या वर्षीची फी माफ करायला एक शासन निर्णय पुरतो. आसन क्रमांक कक्षाकडे आहे, उत्पन्नाचा दाखला तहसीलकडे. क्लॅटच्या समूहानं रेल्वेची रीत उचलावी आणि परीक्षेला बसलेल्याला बहुतांश रक्कम परत करावी. दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीऐवजी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ग्राह्य धरावा. हे मागायला लोकप्रतिनिधी हवेत, विधी महाविद्यालयांचे प्राचार्य हवेत, आणि सर्वांत आधी वकील हवेत, कारण फीच्या अन्यायाविरुद्ध सनदेच्या बाबतीत जिंकले ते वकीलच.

ते होईपर्यंत तेल्हारा, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर इथल्या कोर्टांतल्या वकील मंडळींना एक विनंती. दरवर्षी प्रत्येक वकील संघानं आपल्या तालुक्यातल्या दोन मुलांचा दुसरा अर्ज भरावा, जी गेल्या वर्षी परीक्षेला बसली आणि थोडक्यात राहिली अशा मुलांचा. खर्च आठ हजारांचा आहे. अर्ज जुलै-ऑगस्टात निघतील, तेव्हा फवारणीचे दिवस असतील. मुलं स्वतःहून मागायला येणार नाहीत, त्यांच्या शाळेत जाऊन विचारावं लागेल.